कॉलरचं अस्तर

बाईंनी जॅकेटची कॉलर दोन्ही हातांनी उघडली, तिच्यात नाक खुपसलं आणि डोळे मिटून असा दीर्घ श्वास घेतला की समोर उभा असलेला मास्तर एक पाऊल मागे सरला. "हाच," त्या कॉलरच्या आतूनच म्हणाल्या. "हा त्याचाच वास." मग पुन्हा एक श्वास, पहिल्यापेक्षा सावकाश, तहानलेल्याने दुसरा पेला घ्यावा तसा. फरशीवाल्याने मास्तरकडे बघून भुवया उडवल्या. मास्तरला मात्र आपल्या मानेवरून कुणीतरी ओलं नाक फिरवतंय असं वाटलं, नेमकं तिथं, जिथं केस संपतात. कारण वास त्याचा होता, मास्तरचा. अठ्ठेचाळीस वर्षांपूर्वी विमानासकट नाहीशा झालेल्या वैमानिकाचा नव्हे. बावन्न वर्षांच्या, जेवणाआधी गोळ्या घेणाऱ्या, पोट सुटलेल्या एका कारागिराचा. हे त्या खोलीत त्याला ठाऊक होतं, फरशीवाल्याला अर्धंमुर्धं ठाऊक होतं, आणि जिला ठाऊक असायला हवं होतं ती डोळे मिटून तिसरा श्वास घेत होती.

मास्तर म्हणजे शाळेतला नव्हे. कापड बेतणाऱ्याला लोक मास्तर म्हणतात, आणि एकदा चिकटलेलं नाव गोचिडासारखं सुटत नाही. बाप गणवेश शिवायचा. याने ते मोडीत काढून वैमानिकांची जुनी चामडी जॅकेटं दुरुस्त करायचं काम धरलं. भंगारवाल्यांच्या पेट्यांतून, बंद घरांच्या कपाटांतून, गोदामांच्या लिलावांतून ती त्याच्याकडे यायची: वाळून करकरीत झालेली, बुरशीने पांढरी पडलेली, अस्तरात उंदरांनी घरं केलेली. खिशात कधी दातकोरणं, कधी कापलेली नखं, एकदा तर कापसात गुंडाळलेली दाढ. लोकांना वाटायचं, मास्तरला या वस्तूंचं वेड आहे. वेड कसलं, शिसारी होती. तो नाकाला दोन फडकी बांधून कामाला बसायचा आणि उठल्यावर कोपरापर्यंत हात घासायचा. पण ज्याला घाण सोसत नाही त्यालाच ती बारकाईने दिसते, हेही खरं. एखाद्या मेलेल्या माणसाने उजवं कोपर कशावर टेकलं असेल, चेन ओढताना अंगठा कुठे घासला असेल, हे मास्तर नुसत्या मळावरून सांगायचा. सांगताना ओठ मात्र असे मुरडायचा की गिऱ्हाइकाला स्वतःच्याच अंगठ्याची लाज वाटावी.

त्याच्या कामाचा एकच नियम होता: जिथं जुनं भोक, तिथंच नवा टाका. नवीन काहीही नवीन दिसता कामा नये. मनगटाची वीण कसरीने खाल्ली असेल तर त्याच काळातला लोकरीचा मोजा उसवून तो तिथं नवी वीण घालायचा. ठिगळाचं चामडं पॉलिश पेपरने घासायचं, चहाच्या पाण्यात भिजवायचं, चुलीची राख चोळायची. सगळ्याची नक्कल जमायची, एक सोडून. मानेमागचा घाम. कॉलरचं अस्तर हमखास सडलेलं असायचं आणि बदलावं लागायचं, आणि नव्या अस्तराला चहा लावला की रंग यायचा, पण काठ यायचा नाही. खऱ्या घामाला काठ असतो, बादलीतलं पाणी उतरल्यावर राहतो तसा, एकात एक तीन-चार. तो कसा आणायचा यावर मास्तरने दोन वर्षं डोकं फोडलं आणि मग जो उपाय काढला तो या धंद्यात दुसरा कुणी करत नव्हता. बेतलेली अस्तराची पट्टी तो स्वतःच्या मानेला बांधायचा. एकवीस दिवस. मानेला पाणी नाही, साबण नाही; केसांना भरपूर तेल, कारण त्या काळातले वैमानिक चापून तेल लावायचे. ज्या माणसाला दुसऱ्याने वापरलेला टॉवेल चालत नाही, तो तीन-तीन आठवडे स्वतःच्या मळात मुरत पडायचा, आणि पट्टी सोडताना दर वेळी मोरीत जाऊन ओकायचा. बायको त्या दिवसांत दुसऱ्या खोलीत झोपायची. "त्या मेलेल्याला विचारा तरी एकदा," ती म्हणायची, "त्याला तुमचा घाम चालतो का!" अकरा जॅकेटांच्या कॉलरी त्याने अशा घडवल्या होत्या. अकरा अनोळखी मेलेल्यांच्या मानगुटीवर त्याचा घाम होता, आणि आजवर कुणी तो हुंगून बघितला नव्हता. गिऱ्हाइकं डोळ्यांनी बघतात, फार तर बोट फिरवतात. नाक लावणारं माणूस निघेल हे त्याच्या गणितातच नव्हतं.

फरशीवाला त्याचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक. खाली फरश्यांचं दुकान, वर काचेच्या कपाटांचा दिवाणखाना. सात जन्मांत विमानात बसला असेल तर खिडकीजवळची जागा मागून घेऊन, पण रविवारी मित्र जमले की एखादं जॅकेट चढवायचा, चेन पोटावर अडकायची, आणि मग 'आमची मोहीम' असा काहीतरी विषय काढायचा. मास्तरला तो बघवत नसे. हे विशिष्ट जॅकेट त्याने डोंगराकडच्या एका भंगारवाल्याकडून उचललं होतं. आतल्या खिशावर तुकडीचा आकडा अर्धवट शिल्लक होता, नावाची पट्टी मात्र कुणीतरी उसवून टाकलेली. त्या तुकडीतले तीन वैमानिक बेपत्ता झाले होते. बिननावाच्या जॅकेटला कपाटात जागा असते, दिवाणखान्याच्या मधोमध नसते, म्हणून फरशीवाल्याने चौकशी करत करत तिघांपैकी एकाची बहीण शोधून काढली. टेलिफोनच्या कचेरीतून निवृत्त झालेल्या बाई, साडेसहासष्ट वर्षांच्या, एकट्या. ओळख पटली तर काचेवर फोटोसकट नाव लागणार होतं. आणि ओळख पटवली ती अशी, नाकाने.

"सुट्टीवर आला की हे माझ्या अंगावर फेकायचा," बाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. जॅकेट मांडीवर होतं, हात कॉलरमध्ये. "मी ओरडायचे, शी, घाणेरड्या! आणि मग तेच पांघरून झोपायचे. डोंगरापलीकडे विमान गेलं एवढंच कळवलं आम्हाला. काही सापडलं नाही. सापडलं नाही तर मी कशी मानू? आई-बाबांनी मानलं, मी नाही मानलं. त्याला एकच पत्ता पाठ होता. म्हणून मी ते घर सोडलं नाही. भाचा किती वर्षं म्हणतोय, मावशी, माझ्याकडे चल, जिने चढवत नाहीत तुला. मी म्हणते, आला आणि कुलूप दिसलं तर?" त्या हसल्या, हसताना कॉलर पुन्हा नाकाशी नेली. "आता झालं. आता जाते मी भाच्याकडे. डोंगरात सापडलं म्हणजे तो तिथंच राहिला. संपलं." आणि मग फरशीवाल्याकडे वळून, "जॅकेट तुम्ही ठेवा. मला काय करायचंय एवढं धूड. मला फक्त हे आतलं कापड द्या काढून. उशीखाली ठेवीन." फरशीवाला विरघळला, किंवा विरघळल्यासारखं त्याने केलं. "अहो, मास्तर देतील ना काढून. आणि दुसरं लावतील. त्यांच्या हाताला तोड नाही." असं म्हणून त्याने मास्तरच्या पाठीवर थाप मारली, ती नेमकी मानेखाली.

उशीखाली. हा शब्द घेऊन मास्तर पायीच निघाला आणि रस्ताभर थुंकत राहिला. त्याला बाईंची कीव यायला हवी होती. आली असती तर बरं झालं असतं. आली ती किळस, आणि तीही नेमकी कशाची हे ठरेना. त्या सुरकुतलेल्या नाकपुड्यांची? की आपल्या मानेतून निघालेली, मिठाची, तेलकट, खाजवल्यावर नखात येणारी ती वस्तू परक्या बाईच्या उशीखाली रात्रभर पडून राहणार, तिच्या श्वासातून आत जाणार, याची? चोराच्या मनात चांदणं म्हणतात, पण हे चांदणंही नव्हतं. चोरी उघडी पडायची भीती त्याला वाटतच नव्हती. उघडी पडली नाही, हेच असह्य होत होतं. घरी पोचल्यावर तो कपड्यांसकट मोरीत गेला. त्या दिवशी तीन आंघोळी, दुसऱ्या दिवशी चार. मान काथ्याने घासली, लाल होऊन सालटं निघाली, त्यावर पाणी पडलं की झोंबायचं आणि झोंबलं की बरं वाटायचं.

घासताना बाप आठवला, आणि तो आठवायला नको होता. बाप शेवटचे सात महिने अंथरुणावर होता. शिवणाच्या टेबलावर वाकून वाकून पाठीला बाक आलेला, तो तसाच गादीतही राहिला. खोलीला वास होता: तेल, लघवी, औषध आणि त्याखाली बापाचा असा एक, जो मास्तरने लहानपणी टेबलाखाली खेळताना कधी नाक न मुरडता घेतला होता. तेव्हा तो बावीस वर्षांचा होता आणि उंबऱ्यातूनच बोलायचा. बाप बोलवायचा, जवळ ये रे, आणि हा म्हणायचा, बाबा, हात खराब आहेत. बाप गेला त्या दिवशी दुपारपर्यंत याने बापाचा कपडा न् कपडा धुण्याच्या सोड्यात उकळून दोरीवर टाकला. सदरे, लेंगे, गळपट्टा, रुमाल. आई बाहेर आली आणि दोरीवरचा एकेक ओला कपडा ओढून नाकाशी न्यायला लागली. नाकाशी न्यायचा, सोडायचा, पुढचा. दोरी संपली तेव्हा म्हणाली, "एक तरी ठेवायचास रे." याने उत्तर दिलं होतं, "आई, जंतू असतात." त्यानंतर आई सोळा वर्षं जगली आणि तो विषय तिने काढला नाही. काढला असता तर भांडता तरी आलं असतं, असं मास्तरला अंगावर पाणी ओतताना वाटलं, आणि त्याने तांब्या आपटला.

"कसली धुणी चालली आहेत ही?" बायकोने दाराबाहेरून विचारलं. मग त्याने तिला सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "मग? बिचारीला झोप लागत असेल तर लागू द्या. झाकली मूठ आहे, झाकलेली राहू द्या."

"माझा घाम आहे तो."

"एकवीस दिवस मी सोसते तेव्हा नाही वाटलं काही. आता परकीने घेतला म्हणून लाज आली होय?"

"लाज नाही. घाण वाटते."

"तुम्हाला कशाची वाटत नाही ते सांगा," बायको म्हणाली आणि टॉवेल आत भिरकावून गेली.

तिचं बोलणं व्यवहाराचं होतं, आणि मास्तरही काही सत्याचा पुतळा नव्हता. अकरा कॉलरी केल्या तेव्हा सत्य कुठे आडवं आलं होतं? पण त्याला ती पट्टी परत हवी होती. ती जाळायची होती. उसवणार तोच होता, पण बदलून दुसरी दिली तर ते नाक ओळखणार होतं. ती परत मिळवायचा एकच मार्ग होता, बाईंना सांगणं. आणि सांगितलं की बाई पुन्हा त्या जिन्यांच्या घरात, कुलपाच्या धास्तीत, उरलेली वर्षं एका पत्त्यावर बसून काढणार, हेही त्याला स्वच्छ दिसत होतं. दिसूनही त्याने ठरवलं की सांगायचं. इतका स्वार्थी विचार आपण आयुष्यात प्रथमच इतक्या शांतपणे करतोय, हे त्याच्या लक्षात आलं. मग अडचण दिसली: बाई मानणार नाहीत. अठ्ठेचाळीस वर्षांनी सापडलेला भाऊ एका शिंप्याच्या सांगण्यावरून कोण परत करील? पुरावा हवा. आणि पुरावा कसा तयार करायचा हे तर मास्तरला कुणी शिकवायला नको होतं. बाई घर आवरून तीन आठवड्यांनी पट्टी न्यायला त्याच्या दुकानात येणार होत्या. त्यातले चार दिवस आंघोळीत वाया गेले होते. पाचव्या दिवसापासून त्याने पाणी बंद केलं. तेच तेल आणलं, तेवढंच चापून लावलं. जॅकेटच्या चामड्याचा वासही पट्टीत मुरलेला असणार, म्हणून तो दुपारी फडकं न बांधता चामड्यांच्या ढिगात मान टाकून पडायला लागला. कामात त्याने कधी हयगय केली नव्हती, इथेही केली नाही.

हे दिवस फार वाईट गेले. पहिल्या आठवड्यात माणूस नुसता चिकट होतो. दुसऱ्या आठवड्यात त्याला स्वतःचा वास यायचा बंद होतो आणि इतरांना यायला लागतो. पट्टीच्या वेळी तो फक्त मान धुवायचा नाही, बाकी अंग धुवायचा. या वेळी त्याने काहीच धुतलं नाही, घाण व्हायचंच आहे तर सगळंच होऊ दे म्हणून. लिफ्टमध्ये शिरलेली शेजारीण पुढच्याच मजल्यावर उतरली आणि जिन्याने गेली. चहावाल्याने पेला हातात न देता कठड्यावर ठेवला. मास्तर सगळ्यांच्या नाकपुड्या बघायचा, त्या कशा आखडतात, वरचा ओठ कसा किंचित उचलला जातो. हा चेहरा आपण आयुष्यभर दुसऱ्यांना दाखवत आलो, आणि तो समोरून असा दिसतो, हे त्याला माहीत नव्हतं. एका सकाळी बनियन डोक्यावरून काढताना त्याला आत, कापडाच्या अंधारात, बाप भेटला. तोच वास, लघवी-औषधांखालचा, टेबलाखालचा. बनियन अर्धवट अडकलेलं, हात वर, असा तो बराच वेळ उभा राहिला. रडू आलं असं म्हणता येणार नाही. पोटातून काहीतरी वर आलं आणि ते गिळताना खारट लागलं. मग त्याने बनियन पुन्हा खाली ओढलं, कारण अजून चार दिवस काढायचे होते.

बाई सकाळी अकराला आल्या. भाचा खाली गाडीत सामानाबरोबर थांबला होता. दुकानाच्या दारात त्या क्षणभर थबकल्या, पण चामड्याच्या दुकानाला वास असायचाच, असं स्वतःला समजावून आत आल्या असाव्यात. अस्तर मास्तरने आदल्याच दिवशी उसवून ठेवलं होतं, पांढऱ्या कागदात, एका बाजूने उघडं. बाईंनी ते उचललं, हुंगलं, आणि चेहऱ्यावरची नसन् नस सैल पडली. "किल्ली देऊन आले," त्या म्हणाल्या. "घरमालकाला. वाटलं होतं ऐनवेळी परत मागेन. नाही मागितली. काल रात्री पहिल्यांदा दाराला आतून वरची कडी घातली मी, इतक्या वर्षांत. आधी घालतच नव्हते, म्हटलं वाजवून वाजवून परत गेला तर?"

मास्तरने पाठ केलेलं सगळं तोंडात गोळा झालं. किल्ली देऊन आले म्हटल्यावर आता बोलण्यात काय अर्थ होता? पण अर्थ बघायची त्याची वेळ टळली होती. सतरा दिवस अंगावर चढवलेलं काम पडून राहतंय हे त्याच्यातल्या कारागिराला सोसेना. "बाई, तो वास माझा आहे," तो म्हणाला.

"काय?"

"ते अस्तर जुनं नाही. जुनं सडलं होतं, उंदरांनी खाल्लं होतं. मी नवं घातलं. ते मी एकवीस दिवस माझ्या मानेला बांधलं होतं. डाग पडावेत म्हणून. आम्ही... मी तसंच करतो. तो तुमच्या भावाचा घाम नाही. माझा आहे."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. रागावल्या नाहीत, खुळा आहे की काय अशा नजरेने बघत राहिल्या. "असं कसं होईल?" त्या म्हणाल्या. "मला माझ्या भावाचा वास कळत नाही?"

"खोटं वाटत असेल तर हे बघा," मास्तर म्हणाला, आणि डॉक्टरसमोर बसावं तसा स्टुलावर बसला, सदऱ्याची वरची तीन बटणं काढली, कॉलर मागे ओढली आणि मान खाली घातली. "घ्या. हुंगा. तेच तेल आहे, तेच चामडं. मी मुद्दाम धुतलेलं नाही. ताडून बघा."

वेडगळपणा होता, पण बाई खरोखरच जवळ आल्या. त्यांचे बूट त्याला दिसले, स्वच्छ पुसलेले, नाडी दुहेरी गाठीची. त्या वाकल्या. मानेवर त्यांचा श्वास लागला, गरम, थोडा थांबलेला. ज्या जागेची त्याला तीन आठवडे किळस येत होती तिथंच आता एक माणूस नाक आणून उभं होतं, आणि मास्तरच्या मनात आलं, कळू दे. हिला कळू दे. घर गेलं तर जाऊ दे, झोप गेली तर जाऊ दे, पण कुणाला तरी कळू दे की हा मी आहे.

"शी!" बाई झटक्याने मागे सरल्या. टेबलाचा कोपरा त्यांच्या कमरेला लागला. "शी, शी! हा नव्हे. अहो, काय हे! हा कसला घाण वास! माणसाने इतकं घाणेरडं का राहावं?" त्यांना उबळ आली, त्यांनी तोंड फिरवलं. मग घाईघाईने हातातला कागद उघडला, आतलं अस्तर दोन्ही हातांनी नाकाशी घट्ट दाबलं, आणि मास्तरचा वास नाकातून जावा म्हणून त्या त्यात खोल खोल श्वास घेत राहिल्या, उबळ शमेपर्यंत, चेहरा पुन्हा सैल होईपर्यंत. मास्तर तसाच मान वाकवून स्टुलावर बसून होता. थोड्या वेळाने त्याने बटणं लावली, उठून त्यांना दार उघडून दिलं, आणि त्या जाताना त्यांना वास येऊ नये म्हणून भिंतीला टेकून उभा राहिला.